पंचाहत्तर सेंट बाकी

दुकान बंद झालं. पाटी अजून आहे,
शिडी चढायचं माझं वय उरलं नाही म्हणून;
त्याला उगाच माया वगैरे म्हणू नका.

कझिमीर दिवसभर कारखान्यात
खऱ्या गाड्यांना दारं बसवायचा,
पाळीला चारशे, सगळी डाव्या बाजूची.
रात्री या काउंटरमागे
नखाएवढं एक दार चिमट्यात धरून
तासभर घासत बसायचा.
"ही मी अख्खी बांधतोय, ब्रोन्या," म्हणायचा.
मला वाटे, जेवण निवतंय.

त्याच्या लहानपणी लाकूड होतं:
एक ठोकळा, बापाचा वस्तरा,
आणि पहिला नंबर आला तर कॉलेजची फी.
आला नाही. ठोकळा माझ्याकडे आहे,
मडगार्डापाशी वस्तरा घसरला ती चीर
अजून कालची वाटते.

मग प्लास्टिक आलं.
खोक्यावर छापलेलं, तीन तऱ्हांनी बांधा:
कारखान्यातली, शर्यतीची, नाहीतर तुमच्या मनातली.
हॅमट्रॅमॅकची पोरं थेट तिसरीवर जायची.
शनिवारी काउंटरवर पेपर टाकून कमावलेली चिल्लर,
बोटं डिंकाने एकमेकांना चिकटलेली.
पुढे डिंक हुंगायचं खूळ निघालं,
तेव्हा आईची चिठ्ठी मागायला लागलो.
त्या सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात आहेत.
एकीत पोलिशमध्ये लिहिलंय:
डिंक द्या. सिगारेट मागितली तर कानाखाली द्या.

महिना महिना खपून बांधायचे
आणि चार जुलैला आत फटाका कोंबून उडवायचे.
बॉनेट आमच्या छपरावर पडायचं.
जपून ठेवायची अक्कल तेव्हा कुणालाच नव्हती.

टेडी गावरोन, सदुसष्टचा ऑगस्ट.
पंचाहत्तर दिले, पंचाहत्तर बाकी.
खोक्यावर पेन्सिलीने नाव घातलं,
म्हणाला, आल्यावर नेतो.
पुढे त्याचं नाव दुसऱ्या एका वहीत चढलं,
ती दगडाची आहे.
खोकं वरच्या फळीवर राहिलं.

हल्ली येतात ते म्हातारे, माझ्याच वर्गातले,
पातळ पांढरे हातमोजे घालून.
कोपरे तपासतात, वेष्टण उजेडात धरतात.
"उघडू नका हं. उघडलं की किंमत गेली."
परवा एकाने टेडीच्या खोक्याचे चारशे सांगितले.
मी पेन्सिलीवर बोट ठेवलं.
तो म्हणाला, ते खोडता येईल.

तो गेल्यावर मी भाजीच्या सुरीने वेष्टण कापलं.
शेजारची अफ्राह होती ओट्यापाशी,
बारा वर्षांची, येमेनी; बाप अ‍ॅक्सलच्या कारखान्यात रात्रपाळीला.
आधी वास आला, बंद पेटीतल्या उन्हाळ्याचा.
मग पाहिलं तर टायर काचेला टेकून राहिलेले,
टेकून टेकून काचेत विरघळलेले.
कुणाचा हातही लागला नव्हता,
आणि आतल्या आत हे चाललं होतं पन्नास वर्षं.

मी खुर्चीत बसले.
अफ्राह म्हणाली, "टायर लायब्ररीतल्या यंत्रावर निघतील.
काच पाण्याच्या बाटलीची कापू."
मग जरा थांबून,
"पण मला ही गाडी नकोय."
तिला आजोबांचा ट्रक हवाय, इब्बच्या घाटातला,
टपावर शेळी बांधलेला.
कुठल्याच खोक्यात येत नाही तो.
फोटो एकच, त्यात ट्रकाचं अर्धंच तोंड.
"याची चासी कापली तर चालेल?"

पेन्सिलीचं नाव तिनेही वाचलं होतं.
गिऱ्हाईक, मी सांगितलं. जुनं.
काप.

आणि डिंकासाठी आईची चिठ्ठी आण.
मी गमतीने म्हटलं होतं.
ती दुसऱ्या दिवशी खरंच घेऊन आली, अरबीत.
काय लिहिलंय मला कळत नाही.
डब्यात ठेवली, पोलिशच्या शेजारी.